गोड्या पाण्याचा बर्फ

तेक्लाच्या बापाने आयुष्यात सात विहिरी खणल्या आणि सातही खारट निघाल्या. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या भागातली जमीनच तशी. वर गहू कमरेएवढा डोलायचा आणि खाली तीस हात उतरलं की जिभेला चरचरणारं पाणी लागायचं. घराच्या पश्चिमेला एक खारं सरोवर होतं. उन्हाळ्यात त्याचे काठ पांढरेफटक पडायचे, आणि वारा सुटला की ती पांढरी धूळ दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसायची. लहानपणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विहिरींवरून पाणी आणायचं काम तेक्लाकडे होतं. आठ वर्षांची होईतो ती एका घोटावरून सांगायला लागली, "हे कोझुबांकडचं. हे शाळेच्या पंपाचं. आणि ह्यात उंदीर पडलाय."

बाप हसायचा, पण ते तिसरं वाक्य ऐकलं की गुपचूप बादली ओतून द्यायचा.

एकविसाव्या वर्षी ओनुफ्री हावरिशशी लग्न करून ती हॅलोरनला आली. ओनुफ्री रेल्वेत गँगमन होता. उंच, हाडकुळा, बोलायला कमी आणि खायला भरपूर. हॅलोरन म्हणजे एक रस्ता, एक स्टेशन, रुळांच्या कडेला गव्हाची पाच उंच लाकडी कोठारं, दोन चर्च, चिनी माणसाचं एक हॉटेल आणि चौतीस घरं. कोठारं दहा मैलांवरून दिसायची, त्यामुळे हिमवादळ नसेल तर गावाला येताना कोणी चुकत नसे. गावाची विहीरही अर्थातच खारी. म्हणून प्रत्येक घराखाली तळघरात एक टाकी असायची. छपरावर पडलेला पाऊस आणि वसंतात वितळलेलं हिम त्या टाकीत उतरायचं, आणि ते गोडं पाणी बायका वर्षभर जिवापाड जपायच्या. चहा, कपडे आणि केस, एवढ्यालाच ते वापरायचं. विहिरीच्या पाण्याने केस धुतले की ते वाखासारखे व्हायचे.

हिवाळ्यात गावाचा सगळा जीव स्टेशनामागच्या लांबलचक लाकडी शेडमध्ये असायचा. ती कर्लिंगची रिंक. आत बर्फाच्या तीन पट्ट्या, शेजारी शेजारी. वीस किलोचा गुळगुळीत दगड एका टोकाकडून सोडायचा, पुढे दोघांनी केरसुण्या मारत धावायचं, आणि दुसऱ्या टोकाच्या वर्तुळांत कोणाचा दगड मध्याच्या जवळ थांबतो ते पाहायचं. कप्तान पलीकडून ओरडणार, "झाड! झाड! अरे झाड की!" आणि मोठमोठे शेतकरी, ज्यांनी घरात कधी केरसुणीला हात लावला नाही, ते जीव तोडून झाडणार.

क्लब स्कॉटिश लोकांनी काढलेला. युद्धानंतर ओनुफ्रीसारख्या युक्रेनी पुरुषांनाही आत घेतलं होतं. बायका मात्र, दोन्हीकडच्या असोत, स्वयंपाकघरातच. स्वयंपाकघराला बर्फाच्या बाजूने एक मोठी काच होती. त्या काचेमागे उभं राहून तेक्लाने दहा हिवाळे पिरोही वळल्या. बटाट्याचं सारण भरायचं, कडा दाबायच्या, आणि डोळे बाहेर. तिची बालमैत्रीण, कोझुबांची दोम्का, तिच्या शेजारी कांदा परतत असायची. दोम्का तेक्लाच्या थोरल्या मुलीची धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना 'कुमा' म्हणायच्या.

"कुमा, बघ, पुन्हा मध्येच बसला," तेक्ला म्हणायची.

"कोण, तुझा नवरा?"

"दगड गं!"

हॅलोरनचा बर्फ अख्ख्या जिल्ह्यात बदनाम होता. राखाडी रंग, वर फेस आल्यासारखी खरखर, आणि दगड अर्ध्या वाटेत दमून बसायचे. पलीकडच्या गावचे लोक म्हणायचे, हॅलोरनला खेळायला जायचं तर दगड ओढायला घोडाही न्यावा. त्यात रिंक सांभाळणारा म्हातारा अँगस त्या वर्षी लेकीकडे राहायला समुद्रकाठी निघून गेला, आणि क्लबचे अध्यक्ष एवन गिलेस्पी स्वतः बर्फ घालू लागले. मग तर दगड आधीच दमलेले यायचे.

गिलेस्पी सगळ्यात मोठ्या कोठाराचे मुकादम. गहू घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या गाडीतून चिमूटभर दाणे उचलायचे, तोंडात टाकायचे, चावून चावून त्याचा चिकट गोळा करायचा आणि प्रत सांगायची. त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

डिसेंबरातल्या एका सकाळी तेक्ला दोन पत्र्याच्या ताटल्या घेऊन त्यांच्या ऑफिसात गेली. दोन्हींत पाणी गोठवलेलं होतं. गिलेस्पींच्या तोंडात गहू होता.

"मिस्टर गिलेस्पी, ह्यातून पेपर वाचून दाखवा," असं म्हणत तिने पहिल्या ताटलीतली बर्फाची चकती टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवली.

"काही दिसत नाही. दुधासारखा आहे."

"हा विहिरीचा. आता नखाने खरवडा."

त्यांनी खरवडलं. नखाखाली पांढरा चुरा आला.

"आता ही." तिने दुसरी चकती ठेवली. काच ठेवावी तशी बातमी खालून स्वच्छ दिसली. नख लागलंच नाही.

"हे कुठलं पाणी?"

"माझ्या टाकीतलं. पावसाचं. खारं पाणी गोठतं, पण घट्ट होत नाही. मीठ मध्ये कुठंतरी अडून बसतं. तुम्ही कितीही घासा, कितीही थर द्या, खालून मऊच राहणार."

गिलेस्पी चावत राहिले. "मिसेस हावरिश, वीस वर्षं मी बर्फावर खेळतोय."

"आणि मी तीस वर्षं पाणी चाखतेय. तुम्ही गहू चावता तेव्हा मी काही बोलते का?"

गिलेस्पींना हसू आलं, तोंडातला गहू घशात गेला, आणि तेक्लाला त्यांच्या पाठीत दोन धपाटे घालावे लागले. दम खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "भिंतीकडची तिसरी पट्टी घ्या. तिच्यावर तसंही कोणी खेळत नाही."

तिने आपली टाकी अर्धी केली, दोम्काची अर्धी केली, आणि फादरना विचारून चर्चच्या टाकीतून दहा पिंपं आणली. चर्चच्या पत्र्याच्या घुमटावरून उतरणारं पाणी गावात सर्वांत हलकं होतं, असं तिचं ठाम मत. ओनुफ्रीने जुना बर्फ खरवडून काढला. तेक्लाने पातळ थर दिला, तो गोठू दिला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी झारीत कोमट पाणी घेऊन, उलट्या पावलांनी मागे सरकत, झारी डावी-उजवीकडे एका लयीत हलवत तिने पट्टीभर थेंब शिंपडले. थेंब पडले तसे गोठले आणि बर्फावर बारीक दाणा उठला. दगड ह्या दाण्यांवरून चालतो. दाणा चांगला तर दगड चांगला.

आठवडाभरात तिसऱ्या पट्टीसाठी रांगा लागायला लागल्या. पहिल्या दोन पट्ट्यांवर शाळेतली पोरं घसरगुंडी खेळायची.

जानेवारीच्या शेवटी तार आली. उत्तर विभागाच्या स्पर्धा ज्या गावी व्हायच्या, तिथली रिंक धुराड्याची ठिणगी पडून जळाली होती. माणसं सुखरूप, पण रिंक राहिली नाही. स्पर्धा दोन आठवड्यांवर. हॅलोरन घेईल का?

गिलेस्पींनी होकार कळवला आणि मग तेक्लाच्या दारात येऊन टोपी काढून उभे राहिले.

"तिन्ही पट्ट्या लागतील," ते म्हणाले.

तेक्लाने बोटांवर हिशेब केला. "साठ पिंपं."

"हिम वितळवलं तर?"

"कुठलं हिम?" तिने खिडकीकडे बोट दाखवलं. त्या वर्षी थंडी उणे तीस होती, पण हिम पडलंच नव्हतं. जे थोडंफार पडलं ते वाऱ्याने मॅनिटोबाकडे नेलं. रस्त्यात नुसती गोठलेली माती आणि कोठारांचा भुसा. "टाक्यांतलंच घ्यावं लागेल. आणि एप्रिलपर्यंत ते परत भरणार नाही."

रविवारी दोन्ही चर्च सुटल्यावर सभागृहात बैठक झाली. गिलेस्पींनी मान वाढेल, पाहुणे येतील, असं बरंच काही सांगितलं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायका हाताची घडी घालून बसल्या होत्या. मग तेक्ला उठली. तिला इतक्या लोकांपुढे बोलायची सवय नव्हती, म्हणून ती थेट दोम्काकडेच बघून बोलली.

"प्रत्येक घरचं निम्म्याहून जास्त पाणी लागेल. चहापुरतं ठेवा. केस धुता येणार नाहीत. दोन महिने."

"दोन महिने!" कोणीतरी किंचाळलं.

"माझे तर आत्ताच घोड्याच्या शेपटीसारखे झालेत," तेक्लाने डोक्यावरचा फुलाफुलांचा रुमाल जरा मागे सरकवून दाखवलं. "म्हणून हा बांधते. खाली काय चाललंय ते देवाला माहीत."

सगळ्यात आधी दोम्का हसली. मग मागच्या रांगेतून एक हसली, आणि मग सभागृहभर खसखस पिकली. संध्याकाळपर्यंत तेहतीस घरांनी नावं दिली. मोजल्यावर चाळीस पिंपं भरली. वीस कमी.

आणि वीस पिंपं गावात एकाच ठिकाणी होती: गिलेस्पींच्या घराखाली. त्यांचं छप्पर सगळ्यात मोठं, टाकी सगळ्यात खोल.

"गावाचा गहू माझ्या हातात आहे, मिसेस हावरिश," गिलेस्पी पुटपुटले. "घरची टाकी नाही. तुम्हीच विचारा."

विनिफ्रेड गिलेस्पी बैठकीला आलीच नव्हती. तिचे केस गावात प्रसिद्ध होते. तांबूस, कमरेपर्यंत, डोक्याभोवती मुकुटासारखे गुंडाळलेले. दर शनिवारी अंडं लावून, पावसाच्या पाण्याने धुतलेले. तेक्ला ह्या घरी आजवर मागच्या दारानेच आली होती, केकची ताटं पोचवायला. ह्या वेळी ती पुढच्या दाराशी गेली, बूट झटकले आणि घंटी वाजवली.

विनिफ्रेडने तिला बसवलं, चहा दिला. तेक्लाने एक घोट घेतला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नव्या पत्र्याचं छप्पर आहे ना? गेल्या सप्टेंबरात घातलेलं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चहात लागतं."

विनिफ्रेडने आपल्या कपात डोकावून पाहिलं, एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "मला तर काहीच लागत नाही."

"तुमचं बरंय. माझा नवरा म्हणतो, तुला जेवायला घालणं म्हणजे परीक्षेला बसणं."

विनिफ्रेड हसली, पण लगेच सावरून बसली. "तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. एवनने सकाळपासून तीनदा माझ्या केसांची स्तुती केली. लग्नानंतर पहिल्यांदाच."

तेक्लाने चहाचा आणखी एक घोट घेतला.

"वीस वर्षं मी त्या काचेमागे उभी आहे, मिसेस हावरिश. ते सगळे खेळतात, आपण बशा पुसतो. आज पहिल्यांदा त्या रिंकसाठी माझ्याकडे कोणी केक सोडून दुसरं काही मागितलं." तिने कप खाली ठेवला. "टाकी देईन. सगळी. तळाला लागेपर्यंत न्या. पण एका अटीवर. नव्या बर्फावर पहिला डाव बायकांचा."

दहा वर्षं तेक्ला प्रत्येक दगडाची वाट काचेतून पाहत आली होती. कुठला वळेल, कुठला बसेल, तिला आधीच कळायचं. एकदाही तिने दगडाला हात लावला नव्हता.

"तुम्हाला येतं खेळता?" तिने विचारलं.

"छे. तुम्हाला?"

"मलाही नाही."

"मग ठरलं," विनिफ्रेड म्हणाली.

पाच दिवस गाव पाणी वाहत होतं. तळघरांतून बादल्या वर यायच्या, दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये रिकाम्या व्हायच्या, कॅन घोड्यांच्या घसरगाडीवरून रिंकच्या दाराशी. तिथून हातोहात आत. हातमोजे गोठून लाकडासारखे झाले होते. ओनुफ्रीच्या मिशांना बर्फाच्या काड्या लटकल्या. तेक्ला प्रत्येक कॅनमध्ये बोट बुडवून चाखायची. एक कॅन तिने तोंड वाकडं करून बाजूला काढला.

"हे कुणाचं? विहिरीचं मिसळलंय ह्यात."

पोस्टमास्तर लाल झाले. "थोडंसंच. चहाला कमी पडत होतं."

"मग चहालाच घेऊन जा!"

पोस्टमास्तर कॅन उचलून निघून गेले आणि तासाभराने खरं गोडं पाणी घेऊन परत आले. त्यानंतर कोणी मिसळायची हिंमत केली नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी तिन्ही पट्ट्या तयार झाल्या. खालची निळी-लाल वर्तुळं पाण्यात ठेवल्यासारखी दिसत होती. गिलेस्पी काठाशी उभे राहून बघतच राहिले. मग तेक्लाने त्यांना अट सांगितली. अट अर्थातच त्यांना घरी कळली होती, पण ती टळेल अशी त्यांना आशा होती.

"नव्या बर्फावर? आधी बायका?"

"नवा दाणा कोणीतरी खेळून बसवावाच लागतो," तेक्ला म्हणाली. "उद्या पाहुणे आल्यावर बसवायचा का? आणि तुम्ही सगळे तर पाणी वाहून दमलात."

"दमलो तर आहोत," ओनुफ्री मागून म्हणाला. पाच दिवसांत तो पहिल्यांदाच बोलत होता, त्यामुळे सगळ्यांनी ते मनावर घेतलं.

आठ बायका बर्फावर उतरल्या; चार स्कॉटिश, चार युक्रेनी. नेहमीसारख्या वाटण्या करायच्या तर संघ आपोआपच पडले असते, पण विनिफ्रेड सरळ येऊन तेक्लाच्या शेजारी उभी राहिली आणि दोम्काच्या हातात केरसुणी दिली. कपड्यांवर नवऱ्यांचे स्वेटर, पायांत रबरी बूट. पुरुष पहिल्यांदाच काचेच्या त्या बाजूला होते. कोणीतरी पिरोही बघायला हव्या होत्या, म्हणून ते काम ओनुफ्रीकडे आलं.

पहिला दगड तेक्लाचा. ती वाकली, मूठ धरली, मागे घेतला आणि सोडला. दगड तिच्या अंदाजापेक्षा जड होता. ती स्वतः पोटावर आडवी झाली आणि हातभर घसरत गेली. दगड मात्र निघाला. खाली बारीक गुणगुण करत, न अडखळता, तिने घातलेल्या दाण्यांवरून तो सरळ गेला. बर्फावर पालथी पडल्या पडल्या तिने मान वर केली आणि ओरडली,

"झाड! दोम्का, झाड गं! बाईसाहेब, तुम्हीही!"

विनिफ्रेड आणि दोम्का खांद्याला खांदा लावून केरसुण्या मारत सुटल्या. विनिफ्रेडच्या डोक्यावरचा मुकुट सुटला, केस पाठीवर आले. दगड मंदावला, किंचित डावीकडे वळला आणि अगदी आतल्या वर्तुळात जाऊन थांबला. काचेमागे आरडाओरडा झाला. आत कोणाच्याच लक्षात नव्हतं की कांदा करपतोय.

शेवटी कोण जिंकलं ह्याबद्दल पुढे वीस वर्षं वाद चालू होता, कारण सगळ्या एकाच वेळी मोजत होत्या. तेक्ला मात्र घरी जाताना स्टेशनच्या फलाटावर उगाचच एका पायावर घसरत गेली. "पडशील," ओनुफ्री म्हणाला. "पडले तर पडले," ती म्हणाली आणि पुन्हा घसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बारा संघ उतरले. दोम्काने आपली रुमालांची पेटी रिकामी केली होती, आणि तेक्लाने आपली. हॅलोरनच्या झाडून साऱ्या बायकांच्या डोक्यांवर फुलाफुलांचे युक्रेनी रुमाल होते. विनिफ्रेडच्या रुमालावर तर लाल पॉपीची मोठाली फुलं. पाहुण्यांचा एक कप्तान इकडून तिकडे बघत राहिला आणि गिलेस्पींना हळूच म्हणाला,

"तुमच्या गावात सगळ्याच बायका युक्रेनी आहेत वाटतं?"

"ह्या आठवड्यापुरत्या," गिलेस्पी म्हणाले.

त्या कप्तानाने हॅलोरनच्या बर्फाबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. त्याने पहिलाच दगड अंगातला सगळा जोर लावून सोडला. दगड पट्टीवरून, वर्तुळांवरून, मागच्या फळीवर धाडकन आदळला आणि फळी फुटली. तो थोडा वेळ आपल्या हाताकडेच बघत उभा राहिला. पुढचे तीन दिवस असल्या खेळाला जिल्ह्यात तोड नव्हती. गिलेस्पींचा संघ उपांत्य फेरीत हरला. त्यांनाच आपल्या बर्फाचा वेग झेपला नाही. पण निरोपाच्या जेवणात विजेत्या कप्तानाने करंडक हातात घेऊन विचारलं, "बर्फ कोणी घातला?" आणि स्वयंपाकघराच्या काचेवर बायकांनी पळ्या आपटून इतका गलका केला की तेक्लाला पिठाच्या हातांनी बाहेर यावं लागलं.

त्या वर्षापासून तिची झारी जिल्हाभर फिरली. कुठल्या ना कुठल्या गावाची चिठ्ठी यायची, आणि ओनुफ्रीच्या रेल्वे पासवर ती झारी मांडीवर घेऊन गाडीत बसायची. उतरल्याबरोबर आधी सगळ्या विहिरी चाखायची, मग कोट काढायची. हॅलोरनमध्ये तिने एकतीस हिवाळे बर्फ घातला. मंगळवार आणि गुरुवार दुपार बायकांची झाली ती झालीच. पुढे गोठवणारी यंत्रं आली, तेव्हा यंत्र बसवायला आलेल्या माणसाला तिने तीन दिवस प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि चौथ्या दिवशी यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगू लागली. एकोणीसशे सत्तरनंतर कोठारं एकेक करून पाडली गेली, गाडीही बंद झाली. रिंक राहिली, कारण ती कोणाच्या मालकीची नव्हती आणि सगळ्यांची होती.

एकोणसाठ साली हॅलोरनच्या बायकांनी पहिल्यांदा बाहेरगावची स्पर्धा जिंकली. तेक्ला कप्तान, विनिफ्रेड आणि दोम्का झाडायला. भरवणाऱ्यांनी बक्षिसं आधीच मागवून ठेवली होती, आणि तीही दरवर्षीच्या सवयीने: चार पुरुषी मनगटी घड्याळं. भरवणारा माणूस घामाघूम होऊन माफी मागायला लागला.

"असू दे हो," तेक्ला म्हणाली. "घरी एक मनगट आहे."

ओनुफ्रीने ते घड्याळ रविवारी चर्चला घालून जायला सुरुवात केली, बाही मुद्दाम कोपरापर्यंत दुमडून, भर थंडीत. कोणी विचारलं की तो हात पुढे करायचा. "बायकोने जिंकलंय," तो म्हणायचा, आणि ओनुफ्रीच्या मानाने हे भाषणच होतं.